नेमबाजीचं पहिलं साहित्य कसं निवडावं: खान्देशातल्या नवख्यांसाठी

वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसं बनतात, त्यामुळे भुसावळ-वरणगाव पट्ट्यात काडतूस ही कुणाला परकी वस्तू नाही. कुणाचे वडील तिथे कामाला होते, कुणाचे मामा. म्हणूनच असेल, पण परदेशातले व्हिडिओ बघून इकडची तरुण मुलं विचारतात, ‘भाऊ, रिकामी काडतुसं घरी भरायचं यंत्र कोणतं घेऊ?’ त्याचं उत्तर आधी देतो. घेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. अमेरिकेतला माणूस गॅरेजमध्ये जे करतो, त्याला तिथला कायदा मुभा देतो. आपल्याकडे तशी मुभा नाही.

पण त्या मुलांना काय आवडलेलं असतं ते मला कळतं. एकेक काडतूस तोलून, मापून, अगदी एकसारखं करायचं, म्हणजे गोळी प्रत्येक वेळी त्याच जागी लागेल. ही ओढ खरी आहे, आणि ती पुरवायला दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल यांच्याइतका चांगला खेळ नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राचं सुवर्णपदक एअर रायफलचं होतं, २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरचं कांस्यपदक एअर पिस्तुलाचं होतं. आपल्या महाराष्ट्राच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्य मिळवलं ते पन्नास मीटर रायफलमध्ये, पण त्या वाटेला लागणारी बहुतेक मुलंही आधी एअर रायफलच हातात घेतात.

साहित्य निवडताना एकच कसोटी लावा. कार्डावर, म्हणजे लक्ष्याच्या छापील कागदावर, छर्रा नवाच्या वर्तुळाऐवजी सातात गेला, तर चूक हत्याराची की माझी, हे मला कळेल का? जी वस्तू ही शंका मिटवते ती आधी घ्या. जी नुसती दिसायला भारी आहे ती मागून घ्या, किंवा घेऊच नका.

कायदा किती आणि कुठे लागतो

नळी पॉइंट १७७ ची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, आणि छर्र्याची ऊर्जा २० जुलांच्या आत असेल, तर शस्त्र नियम २०१६ नुसार त्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा साधारण सात-आठ जूल असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. पॉइंट २२ ची एअरगन मात्र या सवलतीत बसत नाही, आणि ‘परवाना लागत नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं तरी ती घेऊ नये.

दुकानदार ओळखपत्राची प्रत मागतो, ती द्यावी. बिलावर हत्याराचा क्रमांक लिहून घ्यावा. बिलाची एक प्रत कायम केसमध्ये ठेवावी, कारण एसटी स्टँडवर किंवा नाक्यावर कुणी विचारलं तर तेच दाखवायचं असतं. हत्यार बंद केसमध्येच न्यायचं. उघडी रायफल खांद्याला अडकवून गावातून फिरणं कायद्यात बसो न बसो, लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. एअरगन पाखरांसाठी नाही. हतनूरच्या जलाशयावर थंडीत येणारे पक्षी, केळीच्या बागेतले मोर, सातपुड्याच्या पायथ्याचे ससे, या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. ‘गंमत म्हणून एक होला पाडला’ म्हणणाऱ्या मुलाच्या हातात मी रायफल देणार नाही.

रायफल की पिस्तूल

हा निर्णय पैसे खर्च करण्याआधी घ्यायचा, आणि घरात बसून घ्यायचा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लब किंवा खासगी रेंज असते. एनसीसीत असाल तर तिथेही नेम धरायला मिळतो. दोन-तीन महिने क्लबाचं हत्यार वापरा. ज्याला उभं राहून शरीर स्थिर ठेवण्यात, हाडांवर वजन तोलण्यात मजा वाटते, त्याचा कल रायफलीकडे असतो. ज्याला एका हातात दीड किलोच्या आतलं वजन धरून बोटाचा दाब आवरायला आवडतो, त्यानं पिस्तूल घ्यावं.

पैशाच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. पिस्तुलाला हत्यार, छर्रे आणि बरे बूट एवढ्यावर भागतं. रायफलीला पुढे जॅकेट, पँट, खास बूट आणि हातमोजा लागतो आणि तो खर्च मोठा असतो. मात्र सुरुवातीला कार्डावर बरे आकडे रायफलीतच लवकर दिसतात. पिस्तूल पहिले काही महिने फार हिरमोड करतं. लहान मुलाच्या बाबतीत घाई नको. स्पर्धेतल्या रायफलीची वजनमर्यादा साडेपाच किलो आहे, आणि दहा-बारा वर्षांच्या पोरानं पूर्ण वजनाची रायफल उचलली की तो कंबर वाकडी करून उभा राहायला शिकतो. ती सवय नंतर मोडणं कठीण. त्याला ज्युनिअर मापाची हलकी रायफल द्या किंवा रायफल स्टँडवर टेकवून शिकवा.

त्याच वेळी कोणता डोळा प्रबळ आहे ते बघून घ्या. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये लहान त्रिकोणी फट करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना घड्याळ फटीतच राहतं, तो प्रबळ. हात उजवा आणि डोळा डावा निघाला, तर कोऱ्या नवख्यानं डाव्या बाजूनं शिकण्याचा गांभीर्यानं विचार करावा. हत्यार डावरं की उजवं, हे त्यावरच ठरतं. आधी हत्यार आणि मग डोळा, असा क्रम लावू नका.

हवेचं यंत्र: स्प्रिंग, पंप की सिलिंडर

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळते ती नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून, भरायची स्प्रिंगची एअरगन. तिच्यात घोडा दाबल्यावर जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीत असतानाच सगळी रायफल हलते. पकड जराशी बदलली की छर्रा दुसरीकडे जातो. नवख्याला नेमकं हेच नको असतं, कारण चूक कुणाची ते कळत नाही. तरी बजेट तेवढंच असेल तर ती घ्या, पण दोन नियम पाळा. भरताना नळी हातानं घट्ट धरून ठेवा, ती सुटून बोटं चेंगरतात. आणि छर्रा न घालता कधीही घोडा दाबू नका, रिकाम्या धक्क्यानं स्प्रिंग आणि सील दोन्ही खराब होतात.

दुसरा प्रकार एकाच लिव्हरनं हवा दाबणारा. दर वेळी हाताला थोडे श्रम पडतात, पण धक्का जवळजवळ नसतो, सिलिंडर-पंपाची कटकट नसते, आणि दर वेळी जवळपास तेवढीच हवा दाबली जाते. अशी जुनी पण चांगली ठेवलेली मॅच, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, रायफल किंवा पिस्तूल मिळालं, तर खान्देशातल्या नवख्यासाठी मला ते सर्वात शहाणपणाचं वाटतं.

तिसरा प्रकार आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरचा, ज्याला सगळे पीसीपी म्हणतात. आज स्पर्धेत हाच चालतो. फाइनवेर्कबाउ, वाल्टर, स्टायर, मोरिनी, पार्डिनी ही परदेशी नावं रेंजवर ऐकू येतील. भारतात बनणारी पीसीपी हत्यारंही मिळतात आणि शिकायला ती पुरतात. परदेशी हत्यार परस्पर ऑनलाइन मागवू नका. आयातीला नियम आहेत, भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

सिलिंडरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इकडच्या उन्हाळ्यात हा भाग महत्त्वाचा आहे. मॅच हत्यारांचे सिलिंडर साधारण २०० बार दाबाला भरतात. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज येईल. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून बरंच जास्त. पंचवीस अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर साठ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब २२० बारच्या पुढे जातो. म्हणून सिलिंडर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. उन्हाळ्यात काठोकाठ भरू नका, थोडा कमीच भरा.

सिलिंडरवर वापराची मुदत कोरलेली असते. ती संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ती संपल्यावर घरीही वापरायचा नाही. हवेच्या जोडांना साधं तेल किंवा ग्रीस लावू नका. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. बनवणाऱ्यानं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच चालतं.

हवा भरायची कशी? मोठ्या शहरात पाणबुड्यांच्या टाकीतून भरून मिळते, आपल्याकडे ती सोय सहज नाही. म्हणून हातपंप घ्यावाच लागतो. पंप तीन टप्प्यांचा, ओलावा शोषणारी गाळणी असलेला घ्या. पावसाळ्यात हवेतलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन आतून गंज धरतो. गाळणीतले सिलिकाचे दाणे रंग बदलले की वाळवा किंवा बदला. पन्नास-साठ दट्टे मारून झाले की पंप निवू द्या, सलग मारत राहिलात तर सील जळतात. मॅच दर्जाची रायफल एका भरणीत शंभराच्या वर छर्रे सहज मारते, म्हणजे रोज घाम गाळावा लागत नाही.

हातात बसतं की नाही

ब्रँडपेक्षा माप मोठं, हे मी प्रत्येकाला सांगतो. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटून डोकं नेहमीसारखं गालपट्टीवर टेकवा, मग डोळे उघडा. मागच्या पीप साइटच्या (नेम धरायच्या चकतीच्या) भोकात पुढची गोल रिंग आपोआप मध्यभागी दिसली पाहिजे. मान ताणावी लागली, तर गालपट्टी किंवा बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) हलवून बघा. दोन्ही हलत नसतील अशी रायफल विकत घेऊ नका. पुढच्या साइटमध्ये बसणाऱ्या रिंगा वेगवेगळ्या मापाच्या मिळतात. नवख्यानं चार मिलिमीटरच्या आसपासची किंवा जरा मोठी घ्यावी. काळं वर्तुळ आणि रिंग यांच्यामध्ये पांढरी कड ठळक दिसली पाहिजे. बारीक रिंग घेऊन डोळा ताणण्यात काही शौर्य नाही.

पिस्तुलाची परीक्षाही अशीच. डोळे मिटून हात उचला आणि उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, अशी दिसली तर मूठ तुमची. ती सतत एका बाजूला पडत असेल तर मूठ चुकीच्या मापाची आहे. मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा येतात. लाकडी मूठ कानशीनं घासून, लाकडाची लुगदी भरून हाताला बसवता येते, आणि आपल्याकडचे सुतार हे काम सुरेख करतात. फक्त ती मनगटाला आधार देणारी किंवा हाताला वेढणारी होता कामा नये, नियमात बसत नाही. पिस्तुलाच्या घोड्याचा दाब किमान ५०० ग्रॅम असावाच लागतो. रायफलीला अशी किमान मर्यादा नाही, तरी नवख्यानं घोडा फार हलका करू नये.

छर्रे: इथेच खरी गंमत आहे

काडतूस भरण्याचा नाद असलेल्यांनी हा भाग नीट वाचावा. क्लबात छर्र्याला सगळे पॅलेट म्हणतात. कागदावर मारायला सपाट डोक्याचाच पॅलेट हवा, कारण तो कार्डाला गोल, स्वच्छ भोक पाडतो. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना भांडणं होतात. मॅच पॅलेटचं वजन साधारण अर्धा ग्रॅम असतं. रायफलीसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे आणि पिस्तुलासाठी त्याहून हलके पॅलेट बरेच जण पसंत करतात. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. हा शंभरांश मिलिमीटरचा फरक नळीला कळतो.

कोणता पॅलेट तुमच्या नळीला मानवतो, हे दुकानदाराला सांगता येत नाही. वेगवेगळ्या व्यासांचे आणि दोन-तीन कंपन्यांचे डबे जमवा, क्लबातल्या मित्रांनी वाटून घेतले तर स्वस्त पडतं. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीत घट्ट टेकवा, किंवा क्लबात शिकंजा असेल तर त्यात बसवा. प्रत्येक प्रकारचे पाच-पाच पॅलेट एकाच बिंदूवर मारा आणि हे दोन-तीनदा करा. चांगल्या जोडीत पाचही मिळून एकच भोक होतं, एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सात-आठ मिलिमीटरच्या आत. एखाद्या डब्याचं भोक दुप्पट पसरलं, तर तो डबा नुसत्या सरावाला ठेवा. जो जुळला त्याचा डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून घ्या आणि त्याच बॅचचे डबे आणखी मिळतात का बघा. एका डब्यात बहुधा ५०० पॅलेट असतात. स्पर्धेसारखे साठ मारले, तर डबा आठ वेळा पुरतो.

खाली पडलेला पॅलेट परत वापरू नका. शिसं मऊ असतं, पॅलेटचा परकर, म्हणजे मागचा पातळ घेर, चेपतो आणि तो वेडावाकडा जातो.

घरातली रेंज

जुन्या खान्देशी घराची ओसरी ते परस अशी लांबट रचना असेल, तर दहा मीटर सहज निघतात. जिनिंगचं किंवा केळीचं रिकामं गोदाम मिळालं तर उत्तमच. अंतर लक्ष्याच्या कागदापासून उभं राहण्याच्या रेषेपर्यंत मोजायचं, १० मीटर, फार तर पाच सेंटिमीटर इकडेतिकडे. लक्ष्याचं केंद्र उभं राहण्याच्या जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर. रायफलीच्या कार्डावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ आणि काळा भाग ५९.५ मिलिमीटर. त्यामुळे रायफलीचं कार्ड पिस्तुलाला चालत नाही. झेरॉक्सच्या कागदावर छापलेलं कार्ड फाटतं, जाड कागदाचं घ्या.

जागा पाच मीटरचीच असेल तर कार्ड निम्म्या मापाचं छापा आणि हत्यारात छर्रा न घालता नेम धरण्याचा सराव करा. बऱ्याच मॅच हत्यारांत त्यासाठी वेगळी सोय असते. खरं सांगायचं तर चांगले खेळाडू अशा कोरड्या सरावावरच तयार होतात, आणि त्याला पैसाही लागत नाही.

मागची अडवण मात्र काटकसरीची जागा नाही. लोखंडी पत्र्याचा कोनाकृती ट्रॅप घ्या, ज्यात छर्रा तिरक्या पत्र्यावर आपटून खाली पेटीत पडतो. गावातला वेल्डर तीन-चार मिलिमीटर जाड पत्र्याचा बनवून देईल. सपाट उभा पत्रा लावू नका, छर्रा उलट येतो. ट्रॅपच्या मागे पक्की भिंत हवी, आणि ट्रॅपपेक्षा मोठा जाड लाकडी फळा, कारण नवख्याचे काही छर्रे ट्रॅप चुकणारच. उभं राहण्याची जागा आणि लक्ष्य यांच्यामध्ये उघडणारा एकही दरवाजा किंवा खिडकी नको. असेल तर आतून कडी लावा. गच्चीवर रेंज करू नका.

लक्ष्यावर उजेड भरपूर हवा, स्पर्धेत किमान १५०० लक्स मागतात. दोन पांढरे एलईडी फ्लडलाइट बाजूनं, खेळाडूच्या डोळ्यात येणार नाहीत असे लावले की काम होतं. वीज जाते तिथे ते इन्व्हर्टरवर घ्या. अर्ध्या उजेडात डोळे ताणून मारलेल्या छर्र्यांतून काही शिकायला मिळत नाही.

कपडे आणि बारीक वस्तू

रायफलीचं जाड कॅनव्हासचं जॅकेट पहिल्याच दिवशी नको. ते अंगाच्या मापानं शिवून घ्यायचं असतं, आणि वाढत्या वयाच्या मुलाला वर्षात लहान होतं. जाडीवर नियम आहे, एकेरी कापड २.५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, म्हणून शिवणारा नेमबाजीचे कपडे शिवणाराच हवा. एप्रिल-मेमध्ये ते घालून दुपारी उभं राहणं आपल्या हवेत धोक्याचं आहे. पहाटे उठून ऊन चढायच्या आत सराव संपवा, पाणी जवळ ठेवा. जॅकेट शिवेपर्यंत जाड सुती शर्ट आणि सपाट तळाचे बूट पुरतात. मऊ उशीसारख्या तळाचे पळायचे बूट टाळा, त्यात शरीर डोलतं.

सुरुवातीपासून घ्याव्यात अशा वस्तू थोड्या आहेत. संरक्षक चष्मा, बघणाऱ्यांसाठीही. नळीत घालून ठेवायचा रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे हत्यार रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. न वापरणाऱ्या डोळ्यापुढे लावायची पांढरी पट्टी, कारण एक डोळा घट्ट मिटला की दुसराही थकतो. आणि एक वही. प्रत्येक सत्राला पॅलेटचा बॅच, साइटच्या खुणा, उजेड, हवेचा दाब आणि गुण लिहा. महिन्याभरानं हत्याराचं वागणं बदललं की तुमचं, हे वही सांगते. टेलिस्कोप, लेझर, मोबाइलला जोडायची नेम मोजणारी उपकरणं यांची पहिल्या वर्षी गरज नाही. दुर्बीण-साइट तर या स्पर्धांत चालतच नाही.

जुनं हत्यार घेताना

आपल्याकडे बरेच जण क्लबातल्या मोठ्या खेळाडूचं जुनं हत्यार घेतात, आणि तो मार्ग चांगला आहे. आधी बिल आणि क्रमांक जुळवा. सिलिंडरची मुदत बघा, कारण नवा सिलिंडर स्वस्त नसतो आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. दाबमापकाचा काटा रात्री टिपून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर कुठेतरी गळती आहे. सील बदलून ती जातेही, पण किंमत त्याप्रमाणे कमी करून मागा. नळीचं तोंड उजेडात धरून बघा, कडेला ओरखडा किंवा दबकी असेल तर सोडून द्या. मग टेकवून पाच-पाच पॅलेट मारा. विकणारा ही परीक्षा घेऊ देत नसेल तर सौदा थांबवा.

घरी आणल्यावर हत्यार कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कुलपात. हवा भरलेलं असो वा नसो, हत्यार माणसाकडे रोखायचं नाही, आणि हा नियम घरातल्या प्रत्येक मुलाला कळला पाहिजे, जे नेम धरत नाही त्यालासुद्धा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, आणि रेंजवर खायचं-प्यायचं झालं तर आधी बाहेर या. ट्रॅपमधलं शिसं कोरड्या झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या, डब्यात साठवा आणि भंगारवाल्याला शिसं म्हणून सांगूनच द्या.